एकदाच उमटणारे पान

मुद्रण म्हटले की एकासारख्या एक अशा अनेक प्रती, हाच अर्थ आपल्या मनात प्रथम येतो. मोनोप्रिंट हा मुद्राचित्राचा प्रकार याला अपवाद आहे. त्यात काचेवर वा धातूच्या पत्र्यावर शाई पसरून चित्र रचतात आणि कागद दाबून ते उचलतात. शाई कागदावर गेली की काचेवर फारसे काही उरत नाही. जेनोआचा चित्रकार कास्तिल्योने याने १६४० च्या दशकात ही रीत वापरली. वनस्पतींचे ठसे घेण्याची परंपरा तर त्याहूनही जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत एका पानाचा प्रत्यक्ष ठसा आहे. १७३७ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेतील वसाहतींच्या कागदी चलनावर पानांचे ठसे छापले. शिरांचे ते जाळे खोट्या नोटा करणाऱ्याला हाताने कोरता येणार नाही, हा त्यामागील हिशेब होता.

आपल्या बडोद्याला हा विषय परका नाही. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांनी १९५० पासून येथील ललित कला महाविद्यालयात चित्रकला शिकवली. ज्योती भट्ट यांच्यासारखे मुद्राचित्रकार याच नगरीत नावारूपास आले. परंतु या रीतीसाठी महाविद्यालयच हवे असे नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आपल्या गुरुजींनी ती शाळेच्या व्हरांड्यात, खिडकीच्या जुन्या काचेवर आम्हांस शिकविली. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्यांना ते मुद्दाम पुढे बोलावीत. मी त्यांपैकीच एक.

गुरुजी प्रथम पक्षी कापावयास लावीत. त्यासाठी धुतलेली जुनी क्ष-किरण फिल्म उत्तम, कारण ती शाईने भिजत नाही. पक्षी केवळ बाह्यरेषेवरून ओळखू यावयास हवा. टिटवीला तिचे लांब पाय आणि भारद्वाजाला त्याचे भरघोस शेपूट मिळाले नाही, तर दोघेही निव्वळ ‘पाखरू’ होऊन बसतात. म्हणून कात्री हाती घेण्यापूर्वी पक्षी पाहून येण्याची सक्ती असे, आणि ती मला आजही योग्य वाटते.

पाने ताजी, परंतु फार रसाळ नकोत. रसाळ पान दाबाखाली चिरडते आणि त्याचा रस शाईत मिसळतो. एक-दोन दिवस रद्दीच्या घड्यांत दाबून ठेवलेले पान चांगले. मग काचेवर रबरी रुळाने शाईचा पातळ थर द्यावा. रूळ फिरताना होणारा चरचर आवाज बारीक आणि एकसारखा झाला की थर बसला असे समजावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्यात मिसळणारी शाई झटपट सुकते. तीत ग्लिसरीनचे दोन-चार थेंब घालावेत.

या थरावर कापलेला पक्षी ठेवावा. भोवती पाने शिरांची बाजू खाली करून मांडावीत, वर किंचित ओलसर कागद घालून चमच्याच्या पाठीने घोटावे. पक्षी काचेवर डावीकडे पाहत असेल तर कागदावर उजवीकडे पाहतो, हे आधीच ध्यानात घ्यावे. पहिल्या छापात पक्षी आणि पाने दोन्ही कोरी, पांढरी दिसतात. काळी असते ती फक्त भोवतालची जागा.

पुष्कळजण येथेच थांबतात. खरी गंमत यापुढे आहे. चिमट्याने पाने अलगद उचलली तर त्यांच्या शिरांनी शाईत उठविलेली नक्षी काचेवर दिसते. लगेच दुसरा कागद दाबावा. हा छाप फिकट येतो, पण पानाची शीर न् शीर त्यात उतरते. पक्षी जागचा हलवला नसेल तर त्या जाळीत तो पांढराच राहतो. तिसरा कागद दाबण्यात अर्थ नसतो. तोच पक्षी पुढल्या चित्रात पुन्हा ठेवता येतो. चुरगळलेले पान मात्र बहुधा टाकावेच लागते.

आवारात विहिरीजवळ एक पारिजातक होता. त्याचे पान खरखरीत असल्याने शाई फार चांगली धरी. पुढे नव्या खोल्यांसाठी जागा लागली आणि ते झाड गेले. माझ्याकडे त्याच्या दोन पानांचा, मधे साळुंकी असलेला, एक दुसरा छाप आहे. साळुंकीची चोच मी जरा जाडच कापली होती. गुरुजींनी खाली पेन्सिलीने शेरा लिहिला आहे : ‘चोच पुन्हा पाहून ये.’