रंगाचा घाव गर्भावर

नदीत मेलेले मासे तरंगले की बातमी होते. कापडाच्या रंगांनी होणारं सर्वांत खोल नुकसान मात्र असं वर येत नाही. मादी धडधाकट दिसते आणि बिघाड अंड्यात किंवा गर्भात होऊन गेलेला असतो.

ट्रिपॅन ब्लू

सुती कापडाला थेट चढणारा हा निळा ॲझो रंग. १९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गिलमन आणि सहकाऱ्यांनी तो उंदरांच्या माद्यांना टोचला. जन्मलेल्या काही पिल्लांच्या डोक्यात पाणी साठलं होतं, काहींचा कणा उघडा होता, काहींच्या शेपटीत दोष होते. कारणाचा उलगडा पुढे १९६७ मध्ये मांडला गेला. सुरुवातीला गर्भाला पोसणाऱ्या पीतककोशाच्या पेशी हा रंग शोषून घेतात, त्यांच्यातली पाचक विकरं मंदावतात आणि अवयव घडण्याच्या ऐन काळात गर्भाची उपासमार होते. रंग गर्भाला शिवलाही नाही तरी इजा होऊ शकते, ती अशी.

काँगो रेड

मला या रंगाची धास्ती जास्त वाटते. १९९२ च्या एका प्रयोगात तो गाभण उंदरांना दिला. पिल्लं जन्मली, वाढली. पण त्यांच्यातल्या माद्यांच्या अंडाशयांत बीजपेशी घटल्या होत्या आणि मोठेपणी त्यांना वंध्यत्व आलं. नरांच्याही बीजपेशी कमी झाल्या, मात्र त्यांची प्रजननक्षमता टिकली. म्हणजे आजीच्या पोटात गेलेल्या रंगाची झळ नातवंडं न होण्यात दिसली.

मॅलाकाइट ग्रीन

रेशीम, लोकर, ताग रंगवणारा हा हिरवा रंग मत्स्यबीज केंद्रांत अंड्यांवरची बुरशी मारायलाही वापरला गेला. रेनबो ट्राउटच्या अंड्यांवर वापरल्यावर पिल्लांत व्यंगं आढळली.

चाचणी कोणाची घ्यायची?

झेब्रा माशाचं अंडं पारदर्शक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन दिवसांच्या आत हृदयाची धडधड दिसते. शेपूट पीतकापासून सुटते की नाही, तेही दिसतं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये या अंड्यांवरचीच ९६ तासांची चाचणी प्रमाणित केली. आपल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांतही ९६ तासच आहेत, पण तिथे ९० टक्के मासे जगले की पाणी उत्तीर्ण. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीच्या सांडपाण्याला ही अंड्यांची कसोटी लावायलाच हवी. काँगो रेडसारखी इजा त्यातूनही निसटेल; ती पकडायची तर पिल्लं वाढवून, त्यांची वीण होते का हे पाहावं लागेल.