अठरा पूर्ण, आता कुठलं तिकीट?

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की कळमनुरीच्या बसस्थानकावर पिशव्या-पेट्या घेतलेली पोरं दिसू लागतात. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय याच गावात आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहांतली मुलं सणाला घरी निघालेली असतात. कंडक्टर विचारतो, ‘कुठलं?’ आणि प्रत्येकाच्या तोंडून एका गावाचं नाव येतं. बालगृहात वाढून, अठरा पूर्ण झाली म्हणून बाहेर पडून वसतिगृहात राहणाऱ्या मुलाकडे मात्र या एका शब्दाच्या प्रश्नाला उत्तर नसतं. वसतिगृहाला कुलूप लागलं की त्यानं जायचं कुठं?

घरातला अठरा वर्षांचा मुलगा आपल्याला लहानच वाटतो. त्याचा डबा आई भरते, फी बाप भरतो. बालगृहातल्या मुलाला त्याच वयात सगळं एकदम अंगावर पडतं. तिथं घंटा झाली की ताट समोर येत होतं. महिन्याला तांदूळ किती लागतो, पगार तीस तारखेपर्यंत कसा पुरवायचा, ताप आला तर कुणाला उठवायचं, हे घरात पाहून पाहून कळतं. त्याला पाहायला मिळालेलंच नसतं. खोली बघायला गेला की घरमालक विचारतो, ‘गाव कोणतं? वडील काय करतात? ओळखीचं कोण आहे?’ तिन्ही प्रश्नांवर तो गप्प राहतो आणि खोली दुसऱ्याला जाते.

कायद्यानं हा काळ ओळखलेला आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 46 नुसार संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी ‘अनुरक्षण’ म्हणजे पुढच्या आधाराची तरतूद आहे. ती 21 वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक स्थितीत आणखी दोन वर्षं मिळू शकते. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत सहा ते आठ जणांनी मिळून राहण्याची घरं, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, असं सगळं लिहिलेलं आहे. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा बाल कल्याण समितीपुढे ठेवायचा असतो. ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अनुरक्षणासाठी महिना 4,000 रुपये धरले आहेत. पण दोन महिन्यांत आयुष्याची तयारी होत नाही आणि चार हजारांत शहरातली खोली, खानावळ आणि शिक्षण हे तिन्ही बसत नाहीत. इंग्लंडमध्ये अशा तरुणांना 25 वर्षांपर्यंत सल्लागार मागता येतो. आपल्याकडेही पैशाइतकीच गरज अशा एका हक्काच्या माणसाची आहे.

असा आधार न मिळाल्यावर काय होतं, ते महाराष्ट्राला अमृता करवंदे यांनी दाखवलं. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता अठराव्या वर्षी बाहेर पडल्या आणि पुण्यात पहिली रात्र त्यांनी रेल्वे स्थानकावर काढली. पुढे स्पर्धा परीक्षा दिली, तर नॉन-क्रीमी लेअरचा दाखला नाही म्हणून निवड हुकली. ज्यांना आईवडीलच नाहीत त्यांनी उत्पन्न कुणाचं दाखवायचं? त्यांनी हा प्रश्न मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला. जानेवारी 2018 मध्ये मंत्रिमंडळानं अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण देण्याचा निर्णय घेतला. एका मुलीच्या जिद्दीनं हजारोंसाठी दार उघडलं.

काही माणसांनी तर अठराची रेघच मानली नाही. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ उभं केलं. मुलं मोठी झाली, तेव्हा त्यांना बाहेर न काढता ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ वसवलं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथं शंकरबाबा पापळकर यांनी दिव्यांग, बेवारस मुलांना आपलं नाव दिलं. अशा मुलांना अठरानंतरही संस्थेतच राहता यावं, असा कायदा ते वर्षानुवर्षं मागत आले आहेत. त्यांची दृष्टिहीन लेक माला 2024 मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ती अठराव्या वर्षी बाहेर काढली गेली असती, तर हा निकाल लागला असता का?

आपल्या भागात बालगृहाइतकीच काळजी आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या मुलांची करायला हवी. बालसंगोपन योजनेचे महिना 2,250 रुपयेही अठराव्या वर्षी थांबतात. दोन्ही पालक गमावलेली अशी मुलंसुद्धा त्या एक टक्का आरक्षणासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र मागू शकतात. पण अर्ज हिंगोलीला जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात आणि प्रमाणपत्र छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय उपायुक्तांकडून, एवढी वाट एकट्या पोरानं चालणं सोपं नाही.

म्हणून कळमनुरीकरांना एक विनंती. तुमच्या वस्तीवर, शाळेत असं सोळा-सतरा वर्षांचं लेकरू असेल, तर अठरा होण्याची वाट पाहू नका. एक दिवस काढा, त्याच्यासोबत हिंगोलीला जा, अर्ज भरून घ्या. आणि दिवाळीत त्याला घरी बोलवा. कंडक्टरनं ‘कुठलं?’ विचारलं, तर त्याला तुमच्या गावाचं नाव सांगता आलं पाहिजे.