सारखा व्यायाम, निराळे फळ

चंडीगडच्या सुखना तलावाच्या काठावर पहाटे फिरणाऱ्यांची व धावणाऱ्यांची वर्दळ असते. हा तलाव १९५८ साली निर्माण करण्यात आला. त्याच्या काठाने दोन मित्र रोज सारखेच अंतर सारख्याच वेगाने धावू लागले, अशी कल्पना करू. पाच महिन्यांनी एकास ते अंतर सहज वाटते. दुसऱ्यास मात्र पूर्वीइतकीच धाप लागते. दुसरा आळशी आहे, असे लोक म्हणतात. हे म्हणणे न्याय्य आहे काय?

धावताना स्नायूंस अधिक प्राणवायू लागतो. फुप्फुसे तो हवेतून घेतात, रक्तातील हीमोग्लोबिन तो वाहून नेते आणि हृदय ते रक्त स्नायूंपर्यंत पोहोचवते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. कठोर श्रमांत हेच प्रमाण २० लिटरांपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावरून माणसाचा दमसास मोजतात. निरोगी माणसात त्याची मर्यादा बहुधा फुप्फुसांपेक्षा हृदयाच्या शक्तीवर अवलंबून असते.

दमसासावर आनुवंशिकतेचा परिणाम किती, हे पाहण्यासाठी अमेरिका व कॅनडा येथील शास्त्रज्ञांनी क्लोद बुशार यांच्या नेतृत्वाखाली ‘हेरिटेज’ नावाचे संशोधन केले. त्याचे एक महत्त्वाचे फलित १९९९ साली प्रसिद्ध झाले. व्यायामाची सवय नसलेल्या ९८ कुटुंबांतील ४८१ व्यक्तींनी २० आठवडे एकाच पद्धतीने जागच्या जागी सायकल चालवली. त्यांचा दमसास सरासरीने मिनिटास सुमारे ४०० मिलिलिटरांनी वाढला. परंतु कोणाचा जवळजवळ वाढलाच नाही, तर कोणाचा १ लिटरहून अधिक वाढला. एकाच कुटुंबातील माणसांत मात्र पुष्कळ साम्य आढळले. या भिन्नतेचा फार तर निम्मा भाग कौटुंबिक वारशाचा ठरतो.

क्वचित एकच जनुक मोठा फरक घडवते. फिनलंडच्या ईरो मँटिरांटा याने १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील घसरशर्यतींत दोन वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. एका जनुकातील बदलामुळे त्याच्या व त्याच्या अनेक नातलगांच्या रक्तात हीमोग्लोबिनचे प्रमाण फार होते. तथापि ते सर्व नातलग काही विजेते झाले नाहीत. सामान्यतः अनेक जनुके थोडाथोडा परिणाम करतात.

शिवाय वारसा असला तरी तो अभ्यासावाचून प्रकट होत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत चौथे आलेले मिल्खा सिंग पुढे चंडीगडला स्थायिक झाले व २०२१ साली तेथेच निवर्तले. फाळणीत अनाथ झालेल्या या तरुणास धावण्याचे रीतसर शिक्षण सैन्यात मिळाले. ती संधी न मिळती, तर त्यांच्या अंगची शक्ती कोणास कळली असती?

मग त्या दुसऱ्या मित्राने निराश व्हावे काय? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, झुरिच येथील एका प्रयोगात ज्यांचा दमसास सहा आठवड्यांत वाढला नाही, त्यांच्या व्यायामाचे दिवस आठवड्यास दोनांनी वाढवण्यात आले. त्यानंतर त्या सर्वांची प्रगती झाली. म्हणून मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यास आळशी ठरवण्यापूर्वी शिक्षकाने त्याची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच कालच्या दमसासाशी करावी आणि त्यास थोडा अधिक अवधी द्यावा.