दोन वर्षे की दोन हंगाम?

धंद्यातल्या चिकाटीचा विषय निघाला की मराठी माणसाला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर आठवतो. बेळगावात १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. लक्ष्मणराव डगमगले नाहीत आणि पुढे मोठा कारखाना उभा राहिला. उद्योजकता शिबिरांतल्या भाषणांत ही कथा याच चालीवर सांगतात आणि तिचे तात्पर्यही ठरलेले असते: टिकून राहा, फळ मिळेल. गल्ल्यात महिनोन्‌महिने खडखडाट असलेल्या दुकानदाराला या तात्पर्याचा काडीचाही उपयोग होत नाही. टिकायला हवे हे त्याला कळते. किती टिकायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर याच कथेत आहे, फक्त ‘दोन वर्षे’ हे शब्द आपण जरा घाईने वाचतो.

आधी त्या शेतकऱ्याची बाजू पाहू, कारण कथेत त्याला उगाचच भोळा ठरवले जाते. विषाची समजूत असेलही. पण तिच्या पोटात व्यवहार होता. त्याचा लाकडी नांगर गावचा सुतार घडवत असे आणि त्याचा मोबदला सुगीला बलुत्यात, धान्यात दिला जाई. नांगर मोडला तर डागडुजी गावातच होई. खांद्यावर टाकून तो शेतात नेता येई. लोखंडी नांगराला रोख पैसा मोजावा लागणार होता, आणि रोकड हीच त्याच्या घरातली सर्वांत दुर्मीळ वस्तू होती. नांगर जड, त्यात तो जमिनीत खोल जाणार, म्हणजे ओढायला बैलांच्या जादा जोड्या हव्यात. फाळ झिजला तर गावच्या सुताराकडे त्याला इलाज नव्हता. नवा फाळ बेळगावहूनच आणायचा. या साऱ्याच्या बदल्यात मिळणार काय, तर खोल नांगरट आणि काळ्या रानात हातपाय पसरलेल्या हरळी-कुंद्याची मुळासकट उपटणी. फायदा खरा होता. पण तो नांगर घेताना दिसत नव्हता, पुढचे पीक उभे राहिल्यावर दिसणार होता. तोवर शहाणा शेतकरी काय करील? दुसरा कोणी नांगर घेतो का, याची वाट बघत राहील. तेच त्याने केले.

आता हिशेब मांडा. नांगरट फार तर वर्षातून एकदा होते. कित्येक काळ्या रानांत दर वर्षीही होत नसे. एकाने नांगर घ्यायचा, उन्हाळ्यात रान नांगरायचे, पाऊस पडायचा, पीक निघायचे, शेजाऱ्याने ते पाहायचे, मनाशी ठरवायचे आणि पुढच्या नांगरटीच्या वेळी पैसे जमवायचे. या एका फेरीला अख्खे वर्ष लागते. म्हणजे आपण ज्याला दोन वर्षांची तपश्चर्या म्हणतो, ती गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिली तर दोन हंगाम, म्हणजे दोनच संधी. दोनदा विचारून ‘बघू’ असे उत्तर मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर दुकान बंद करणे हा उतावीळपणा ठरला असता.

धंद्यात दम मोजायचे माप म्हणून भिंतीवरची दिनदर्शिका कुचकामाची आहे, ती यामुळे. गिऱ्हाईक वस्तू घेते, वापरते, पारखते आणि परत येते किंवा येत नाही. ही एक फेरी. आपला धंदा कितव्या फेरीत आहे हे पाहायला हवे. कोकणात हापूसचे कलम लावणाऱ्याला कोणी चिकाटीचा महामेरू म्हणत नाही. पहिली काही वर्षे फळ धरायचे नसते हे त्यालाही ठाऊक असते, शेजाऱ्यालाही आणि बँकेलाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने घेतो. चौथ्या महिन्यात कोणी उसाला नाकर्ता म्हणत नाही. शेतीत काळ आधीच ठरलेला असल्याने वाट पाहण्याला तिथे निराशेचा वास येत नाही. दुकानात आणि कारखान्यात तो काळ आपणच शोधून काढावा लागतो. बहुतेक जण तो शोधतच नाहीत, आणि मग कधी फार लवकर उठतात, तर कधी फार उशिरा.

फार उशिरा उठणाऱ्यांबद्दल कमी बोलले जाते. वडापावच्या गाडीची फेरी एका दिवसाची असते. आज खाल्लेला माणूस उद्या-परवा त्याच रस्त्याने जातो. तीन महिन्यांत नव्वद फेऱ्या होतात, आणि त्यानंतरही ओळखीचे चार चेहरे परत येत नसतील तर गिऱ्हाइकाने उत्तर दिलेले आहे. तिथे ‘किर्लोस्करांनाही दोन वर्षे लागली’ असे मनाला बजावणे म्हणजे उत्तर ऐकायचे टाळणे होय. उलट विहिरीवरचा पंप, शाळेचे फर्निचर, घराचे छप्पर विकणाऱ्याला तीन महिन्यांत काहीच कळणार नाही. त्याची पहिली फेरीच पुरी झालेली नसते.

सातत्य हवे कशाला, हेही यातूनच उलगडते. सातत्याला आपण सद्‌गुण मानतो, पण त्याचे खरे काम बरेच रुक्ष आहे. गिऱ्हाइकाला पहिल्या फेरीची तुलना दुसरीशी करता आली पाहिजे. या महिन्यात मसाला एक, पुढच्या महिन्यात दुसरा. आज दुकान नऊला उघडे, उद्या अकराला. असे झाले की प्रत्येक फेरी पहिलीच ठरते आणि विश्वास साठतच नाही. म्हणून दर्जा, वेळ, शब्द या गोष्टी जागच्या हलता कामा नयेत. बाकीचे खुशाल बदलावे, किंबहुना बदलावेच. नांगर विकणाऱ्याने फाळाचे पोलाद बदलावे, किंमत बदलावी, प्रदर्शनात शेतकऱ्याच्या हाती नांगर देऊन बघावे. विक्रीचा आकडा नगण्य असतानाही खुणा दिसू शकतात, फक्त त्या वेगळ्या जागी शोधाव्या लागतात. समजा, कोणी नुसता जादा फाळ मागायला आला. वहीत ती विक्री किरकोळ दिसेल. पण फाळ झिजला याचा अर्थ नांगर माळ्यावर पडलेला नाही, तो रानात चालला आहे. तक्रार घेऊन आलेले गिऱ्हाईकही तसेच. वस्तू न वापरणारा माणूस तक्रार करत नाही. अशी एकही खूण न दिसता तीन-चार फेऱ्या गेल्या, तर मात्र विचार करावा.

यावर एक सणसणीत आक्षेप येतो. टिकून राहिलेले आणि जिंकलेले आपल्याला माहीत आहेत. टिकून राहिलेले आणि बुडालेले कोणाच्या चरित्रात येतात? आक्षेप खरा आहे. एका किर्लोस्करांवरून चिकाटीने यश मिळते असे सिद्ध होत नाही, आणि मला ते सिद्ध करायचेही नाही. मात्र खुद्द लक्ष्मणरावांच्या चरित्राचा एक भाग त्या चालीवरच्या कथेत गाळला जातो. ते १८८५ साली मुंबईला जे. जे. कला विद्यालयात चित्रकला शिकायला गेले होते. आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी रंगांचा नाद सोडला आणि यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवत असताना बढतीत डावलले गेले, तेव्हा ती नोकरीही सोडून ते बेळगावला आले. हा माणूस सोडणे जाणत होता. डोळ्यांतला दोष दहा फेऱ्यांनी गेला नसता. शेतकऱ्याचा संशय दोन-चार फेऱ्यांनी जाण्यासारखा होता. अडथळ्याची जात ओळखण्याची ही नजर मला त्यांच्या चिकाटीपेक्षा अधिक मोलाची वाटते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो अधिक बोचरा आहे. फेऱ्या मोजायला ठीक, पण तोवर घर कशावर चालवायचे? इथेही कथा गाळीव आहे. नांगर पडून होते तेव्हा किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते, दुसरी कामेही होती. पुढे नव्या वस्तीसाठी बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली ३२ एकर जागा आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती या आधारावर. हे सांगितल्याने लक्ष्मणरावांचे मोठेपण उणावत नाही. ज्याच्यामागे संस्थानिक उभा नाही त्याला मात्र दिशा कळते. आपल्या धंद्याची एक फेरी किती महिन्यांची, हे आधी काढायचे आणि निदान तीन फेऱ्यांना पैसा पुरेल इतकाच खर्च पहिल्या दिवशी करायचा. चकाचक फर्निचरात पहिल्याच फेरीचे पैसे घालून बसलेल्याला पुढे कितीही धीर दिला तरी तो पोकळच.

गिरगावातल्या सात बायकांनी हे न शिकवताच केले. १५ मार्च १९५९ रोजी ८० रुपये उसने घेऊन त्यांनी गच्चीवर पापड लाटायला बसून ‘लिज्जत’ची सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पापडाची फेरी छोटी, त्यामुळे गिऱ्हाइकाचे उत्तर लवकर आले. आणि हलका-भारी असे दोन प्रकार न ठेवता एकच चांगला दर्जा ठेवायचा सल्लाही त्यांनी मानला. पण पहिल्याच वर्षी पावसाळा लागला आणि चार महिने काम बंद पडले. नुसती विक्रीची वही चाळणाऱ्याला वाटले असते की मागणी आटली. मागणी होती, पापड वाळत नव्हते. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना काम चालू राहिले.