बापाची अपुरी कादंबरी

आपण ज्या वाङ्मयप्रकाराला 'कादंबरी' म्हणतो, ते मुळात एका मुलीचं नाव. ही गंधर्वराजाची कन्या बाणभट्टानं सातव्या शतकात शब्दांत घडवली. हिंदी-बंगालीत 'उपन्यास' रुजला. मराठीनं आणि कन्नडनं मात्र तिचंच नाव उचललं.

बाण शोण नदीकाठच्या प्रीतिकूटचा. आई लहानपणीच गेली, चौदाव्या वर्षी वडील गेले. घरात वेदविद्या होती, पैसाही होता. पण पोराचं मन घरात रमेना. गारुडी, जुगारी, गवई, नट असं मित्रमंडळ जमवून तो देशोदेशी हिंडला. नातलगांनी नावं ठेवली असणारच.

इ. स. ६०६ ते ६४७ या काळात राज्य केलेल्या सम्राट हर्षाच्या कानावरही ही कीर्ती गेली होती. बाण प्रथम भेटीला आला तेव्हा राजानं त्याच्याकडे धड पाहिलं नाही. उलट सर्वांदेखत त्याला छचोर ठरवलं. बाण गप्प बसला नाही. तारुण्यातल्या चुका त्यानं नाकारल्या नाहीत. पण आपलं कुळ, अध्ययन, संसार सांगून, ऐकीव गोष्टींवरून मला तोलू नका, असं अदबीनं सुनावलं. थोड्याच दिवसांत तो राजाच्या मर्जीतला झाला. बँकेत साहेबासमोर मान खाली घालून उभा राहिलेला मी, हा प्रसंग वाचताना आजही खुर्चीत ताठ बसतो!

विशेष म्हणजे हे सारं बाणानंच 'हर्षचरित' या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. राजाचं चरित्र सांगायला बसलेला हा दरबारी लेखक आरंभी स्वतःची, आपल्या अपमानासकट, हकिगत सांगतो.

'कादंबरी' मात्र त्याच्या हातून पुरी झाली नाही. पृथ्वीवर चंद्रापीड, गंधर्वलोकात कादंबरी, दोघांची ताटातूट झालेली, आणि लेखणी थांबली. ती पुढे उचलली त्याच्या मुलानं, भूषणभट्टानं. कथा अपुरी राहिल्यानं रसिकांना दुःख होतं म्हणून लिहितो, कवित्वाच्या गर्वानं नव्हे, असं त्यानं आरंभीच सांगितलं. बापाइतकं आपल्याला साधणार नाही, हे ठाऊक असूनही त्यानं प्रेमिकांची भेट घडवली.

माझ्या कपाटात सहा वर्षं एक हस्तलिखित अर्धवट पडलं आहे. परवा मुलानं ते चाळलं. "बाबा, पुढं तिचं काय होतं?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेनात शाई भरली.