लोअर आर्म : चाक जागेवर धरणारा हात

टायर आतून कापला जातोय म्हणून मी एका वर्षात दोनदा अलाइनमेंट करून घेतलं. यंत्राच्या पडद्यावरचे आकडे हिरवे झाले, पैसे भरले, आणि दोन महिन्यांत टायरची आतली कड पुन्हा गुळगुळीत. तिसऱ्या वेळी एका जुन्या मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरून पुढच्या चाकामागे टॉमी, म्हणजे छोटी पहार, घातली आणि हलका जोर दिला. चाकाला आतून धरणारा लोखंडी तुकडा माझ्या डोळ्यांदेखत हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुढेमागे सरकला. तो लोअर आर्म होता, आणि त्याचे रबरी बुश संपले होते. गाडी चालवायला लागून वीस वर्षं झाली होती आणि या भागाचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

घराचं एखादं दार आडवं झोपवलंय अशी कल्पना करा. चौकटीच्या बाजूला दोन बिजागऱ्या, तसे गाडीच्या सांगाड्याच्या बाजूला दोन रबरी बुश. कडीच्या जागी बॉल जॉईंट, आणि त्याला जोडलेलं चाक. दार बिजागरीवर फिरतं, तसा आर्म वर-खाली झुलतो. चाक खड्ड्यात उतरतं, बाहेर येतं. पण दार चौकटीतून निखळून बाजूला जात नाही, तसं चाकानेही पुढेमागे किंवा आतबाहेर जायचं नाही. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे खेचतो, वळणावर तोच रस्ता बाजूला रेटतो. हे सगळे ताण आर्म झेलतो.

पूर्वी याची गरज नव्हती, कारण पुढची दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला बांधलेली असत. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही कलायचं, आणि वेग वाढला की स्टीअरिंग हातात थरथरायचं. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत गेलेल्या मॉरिस ऑली यांनी जनरल मोटर्समध्ये यावर काम केलं आणि १९३४च्या कॅडिलॅकमध्ये प्रत्येक पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे स्वतंत्र आर्म आले. वरचा आखूड, खालचा लांब. त्यामुळे चाक वर जाताना त्याचा माथा थोडा आत ओढला जातो आणि वळणावर गाडी कलली तरी टायर रस्त्यावर सपाट बसतो. लांबीतल्या एवढ्याशा फरकातून हे साधलंय, आणि मला ते आजही विलक्षण वाटतं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख बनलेल्या प्रीमिअर पद्मिनीलाही पुढे असेच आर्म होते.

मग फोर्डमधल्या अर्ल मॅकफर्सन यांनी वरचा आर्म काढूनच टाकला. त्याचं काम त्यांनी शॉकअप आणि स्प्रिंगच्या उभ्या जोडणीकडे सोपवलं. इंग्लंडमधल्या १९५०च्या फोर्ड कॉन्सल आणि झेफरमध्ये ही रचना दिसली. जागा वाचली, भाग कमी झाले, आणि पुढे इंजिन आडवं बसवणाऱ्या छोट्या गाड्यांना ती फार सोयीची ठरली. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००लाही पुढे हीच होती. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत चाकाच्या खालच्या टोकाची जबाबदारी या एकट्या लोअर आर्मवर असते.

आर्म पत्र्याचा दाबून केलेला असो, ओतीव असो की घडाई केलेल्या ॲल्युमिनियमचा, त्याचा जीव बुशमध्ये असतो. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी, मध्ये दोघांना चिकटवलेलं रबर. आर्म झुलतो तेव्हा हे रबर कुठे घासत नाही. ते स्वतः पिळवटतं आणि परत येतं. इंग्रजी एल अक्षरासारख्या आर्ममध्ये चाकाच्या रेषेतला बुश कडक असतो, म्हणून गाडी वळणावर नेमकी वळते. मागचा मोठा आणि मऊ, बऱ्याचदा मुद्दाम पोकळ्या ठेवलेला असतो, म्हणून खड्ड्याचा दणका तुमच्या कमरेपर्यंत पूर्ण पोचत नाही.

इथेच गॅरेजांत एक चूक होते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळती, आणि नवीन आर्मचे बोल्ट तिथेच आवळले जातात. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

रबर फाटलं की आर्मचं टोक सरकतं, पण स्टीअरिंगचा रॉड आपल्या जागी असतो. परिणामी चाक वळतं. ते एकच अंश वळलं तरी दर किलोमीटरला टायर सुमारे १७ मीटर आडवा फरफटला जातो. खालचं टोक ढिलं असताना केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं.

बॉल जॉईंटचं दुखणं याहून गंभीर. वाटीत बसलेला पोलादी गोळा, भोवती ग्रीस, वर रबरी टोपी. टोपी फाटली की पावसाळ्यातला चिखल आत जातो आणि गोळा झिजत जातो. तो वाटीतून निसटला तर चाक बाहेर कोलमडतं आणि स्टीअरिंगचा उपयोग उरत नाही.

म्हणून गाडी एका बाजूला ओढत असेल, ब्रेक मारताना खालून खट् असा आवाज येत असेल, तर अलाइनमेंटच्या आधी आर्म तपासून घ्या. वाकलेला आर्म तापवून सरळ करू देऊ नका, तो बदला. आणि बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायला सांगा.