नावं ५९, जंत ८

धानोऱ्याहून एका वाचकाने विचारलंय : बोडीतला मागूर साफ करताना आतड्यातून बोटाच्या पेराएवढे पांढरे जंत निघाले, ते चुलीच्या राखेत टाकले, आता मासा खायचा की तोही टाकायचा?

खायचा. आतडी काढायची, रस्सा नीट उकळू द्यायचा. मागुराच्या आतड्यातले हे जंत माणसाच्या पोटात बिऱ्हाड करत नाहीत. प्रश्न इथे संपला असता. पण त्या जंताचं नाव काय, हा न विचारलेला प्रश्न मला जास्त आवडतो.

वर्णनावरून तो पट्टकृमी वाटतो. आणि पट्टकृमी म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली खंडाखंडांची लांब फीत डोळ्यांपुढे येते. मागुरातल्या या मंडळींना खंडच नसतात. सबंध अंग एकच, त्यात नर-मादी अवयवांचा संचही एकच. त्यांचं बालपण तळाच्या चिखलातल्या दोऱ्यासारख्या बारीक गांडुळांत जातं. रात्री चिखल हुंगत फिरणारा मागूर ती गांडुळं गिळतो आणि जंत मुक्कामी पोचतो.

या बिनखंडी रूपानं भलेभले चकले. नागपूरच्या मागुरातला असा एक जंत प्राणिशास्त्रज्ञ एम. ए. मोघे यांनी १९२५ साली ‘पॅरासायटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात मांडला. नाव दिलं कॅरिओफिलियस इंडिकस, आणि शीर्षकातच त्याची गणना केली ट्रेमॅटोडात, म्हणजे यकृतकृमीच्या गोतावळ्यात! १९३१ साली मोघे यांनीच त्याच नियतकालिकात पुरवणी लेख लिहिला. जंत आता पट्टकृमींत आला होता आणि त्याचं नाव झालं होतं लायटोसेस्टस इंडिकस. स्वतःच्याच जंताकडे सहा वर्षांनी पुन्हा वळणारा हा माणूस आज विदर्भात कुणाला आठवतो? नागपूरच्या कॉलेजातल्या मुलांनाही हे नाव बहुधा ठाऊक नसावं.

मोघ्यांनंतर नावांचा पूर आला. डोकं जरा रुंद, मान जरा आखूड, वृषणग्रंथी थोड्या कमी-जास्त, की झाली नवी जात. २०११ साली अनिर्बन ॲश, चेक संशोधक टोमाश शोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, इंडोनेशिया, थायलंडमधून ताजे नमुने गोळा केले, संग्रहालयांतले जुने काढून पाहिले. मागुरातल्या या जंतांची तोवर १५ प्रजातींमधली (जातींच्या गटांमधली) ५९ नावं कागदावर होती. खऱ्या जाती भरल्या ८!

बाकीची नावं कुठून आली? मोहाचं फूल आठवा. पहाटे झाडाखाली वेचलेलं फूल फिकट, रसाळ, टपोरं; अंगणात वाळलं की तेच तपकिरी, सुरकुतलेलं, मनुक्यासारखं. परक्या माणसाला दोन्ही वेगवेगळी दाखवा, तो दोन झाडं मोजेल. जंताचंही तसंच. बाजारातल्या शिळ्या माशातला जंत मरून सैलावलेला किंवा कुजू लागलेला असतो. जिवंत जंत टिकवण्याच्या थंड औषधात टाकला तर आखडून गोळा होतो, दोन काचांत दाबला तर पसरून भाकरी होते. मग एकाच जंताच्या मानेची लांबी तीन तऱ्हेची भरते आणि तीन प्रबंध तयार होतात. (प्रबंधाला नवी जात लागते, जुनीच जात नीट ओळखल्याबद्दल कोण पदवी देतो?)

उपाय अगदी साधा. मासा ताजा हवा, जंत जिवंत हवा. तो मिठाच्या सौम्य पाण्यात धुवायचा आणि उकळीला आलेल्या पातळ फॉर्मॅलिनमध्ये एकदम सोडायचा. आखडायला त्याला सवडच मिळत नाही, तो सरळच राहतो. हे काम प्रयोगशाळेतलं, घरच्या चुलीवरचं नव्हे. फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना झोंबते.

त्या आठांत लायटोसेस्टस इंडिकस टिकून आहे, मोघ्यांनी दिलेल्या ‘इंडिकस’सकट. धानोऱ्याच्या मागुरातला जंत तोच होता का? राखेत पडलेल्या जंतावरून आता ते सांगता येणार नाही.